अंत्यविधीचे पैसे आगाऊ भरण्याआधी

जिवंतपणीच अंत्यविधीचे पैसे भरून घेणाऱ्या कंपनीत चौकशीला बसले की समोर पहिला येतो तो पॅकेजचा एकूण आकडा. 2022 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईतल्या एका कंपनीने सजवलेली तिरडी मांडून अंत्यविधीचा स्टॉल लावला होता. त्याचे फोटो घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरले आणि त्यांच्यासोबत 37,500 रुपये हा आकडाही फिरला. तेव्हापासून ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर हा विषय निघतो तो थट्टेत, आणि संपतो तो कुणीतरी 'तो नंबर जरा दे रे' म्हटल्यावर.

आकडा जास्त की कमी हे ठरवण्याआधी त्याची फोड करावी. मुंबईत ही फोड जरा चमत्कारिक निघते. आपण ज्याचे पैसे भरतोय असे वाटते ते प्रत्यक्ष दहन इथे जवळपास फुकट आहे. लाकडाच्या चितेला एका देहामागे साधारण 300 किलो लाकूड लागते आणि महापालिकेच्या स्मशानात ते विनामूल्य मिळते. चंदनवाडी, वरळी, शीव, दादरची भागोजी कीर स्मशानभूमी अशा मोठ्या ठिकाणी लाकडाशिवाय विजेवर किंवा गॅसवर चालणारी दाहिनीही आहे. (दादरच्या स्मशानाची जागा भागोजी कीरांनी दिली. आज शिवाजी पार्कात त्या जागेचा भाव काय असेल याचा विचार करून पाहा.) तेव्हा पॅकेजच्या यादीत 'लाकूड' अशी ओळ आणि तिच्यापुढे रक्कम दिसली तर सरळ विचारायचे: ही रक्कम जादा लाकडाची, तुपाची, चंदनाची आहे, की पालिका देते त्याच लाकडाची?

दुसरी तपासायची ओळ जीएसटीची. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अंत्यसंस्कार, दफन, स्मशान, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा कराच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. कोटेशनमध्ये खाली 18 टक्के जोडलेले असतील तर ते नेमके कशावर लावले आहेत, हे लेखी मागावे. फुलांची सजावट, फोटोग्राफी, शोकसभेचा हॉल अशा गोष्टी पॅकेजात घुसवल्या असतील तर त्या त्याच वेळी उघड्या पडतात.

उरते काय? मर्तिकाचे सामान, शववाहिनी, माणसे, गुरुजी आणि कागद. सामानाचा खर्च सगळ्यांत कमी आणि त्याचीच यादी सगळ्यांत लांब असते: दोन लांब बांबू आणि आडव्या कामट्या, सुतळी, पांढरे कापड, मडके, गवऱ्या, कापूर, राळ, तूप, तीळ, दर्भ, तुळस, गंगाजळ, हार, गुलाल. चाळीस ओळींची यादी पाहून माणूस दबतो. प्रत्यक्षात मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात हे सगळे एका हाकेसरशी बांधून मिळते, दुकानदाराला जात-पोटजात आणि बाई की पुरुष एवढे सांगितले की पुरे. या यादीसाठी कुणी आगाऊ पैसे भरू नयेत.

खरी किंमत आहे ती माणसांची, आणि त्यातही जिन्याची. जुन्या इमारतीत लिफ्ट नसते. असलीच तर तिच्यात तिरडी आडवी मावत नाही, आणि उभी करायची कल्पनाच कुणाला सहन होत नाही. मग देह खुर्चीत बसवून किंवा जाड चादरीत धरून वळणावळणाने उतरवायचा आणि तिरडी खाली अंगणात बांधायची. तिसऱ्या मजल्यावरून ऐंशी किलोचा देह उतरवायला चार धडधाकट माणसे लागतात आणि वळणावर पाचवा दिशा सांगायला. घरात दोन म्हातारी माणसे आणि एक सून असेल तर हे होत नाही. म्हणून कोटेशन मागताना मजला सांगायचा, लिफ्टची रुंदी मोजून सांगायची, आणि 'उचलायला किती माणसे येतील' हा आकडा करारात लिहून घ्यायचा. 'मनुष्यबळ पुरवले जाईल' या वाक्यात दोन माणसेही बसतात आणि त्यातला एक ड्रायव्हर निघू शकतो. नव्या टॉवरमध्ये स्ट्रेचर लिफ्ट असते, पण ती रात्री कुलुपात नसते ना आणि चावी कुणाकडे असते, हे सोसायटीच्या ऑफिसात आजच विचारून ठेवता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

लालबाग-परळच्या चाळींत हा प्रश्नच नव्हता. मयत झाली की कॉमन गॅलरीतून दहा माणसे धावत यायची, आणि गावच्या मुंबई मंडळाचा मयत फंड असायचा. महिन्याची किंवा वर्षाची ठरावीक वर्गणी, आणि घरात कुणी गेले की त्याच दिवशी ठरलेली रक्कम घरात पोचती. आगाऊ भरणाच होता तो, फक्त त्याला कंपनी नव्हती. तो चालला कारण पैशाबरोबर माणसे यायची आणि खजिनदार शेजारच्या खोलीत राहायचा. चाळीचा टॉवर झाला, मंडळी बदलापूर-विरारला पांगली, फंड काही ठिकाणी टिकला, माणसे वेळेवर पोचेनाशी झाली. आज पॅकेज विकत घेणारा बहुतेक वेळा ही दहा माणसेच विकत घेत असतो. हे एकदा मनाशी कबूल केले की कुठल्या ओळीवर घासाघीस करायची आणि कुठल्यावर करायची नाही, ते आपोआप कळते.

आता सगळ्यांत अवघड भाग. कुठल्याही पॅकेजने तो सुटत नाही, आणि विकणारा त्याबद्दल स्वतःहून बोलत नाही. स्मशानातला कारकून पहिल्यांदा मागतो तो डॉक्टरांचा दाखला. मृत्यू रुग्णालयात झाला तर रुग्णालय मृत्यूच्या कारणाचा नमुना 4 भरून देते. घरी झाला तर नमुना 4-अ, आणि तो द्यायचा असतो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन वर्षांत कुणी डॉक्टर तपासायलाच आलेला नसेल, सगळे औषध जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणले जात असेल, तर पहाटे तीन वाजता हा कागद देणार कोण? घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली, देह रुग्णालयात नेला की तिथे नोंद होते 'मृतावस्थेत आणले'. मग पोलीस येतात, पंचनामा होतो, अपमृत्यूची नोंद होते. 1 जुलै 2024 पासून ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालते, त्याआधी ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली चालायची. शवविच्छेदन ठरले तर देह केईएम, शीव, कूपर किंवा राजावाडीसारख्या ठिकाणी जातो आणि वेळ आपल्या हातात राहत नाही. पूर्ण पैसे भरलेली शववाहिनी खाली उभी राहून काहीही करू शकत नाही.

पडून हाड मोडलेल्या माणसाचेही तसेच. बाथरूममध्ये पडून खुबा मोडला, ऑपरेशन झाले, तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेले. घरच्यांच्या लेखी हे म्हातारपणचे मरण, पण मूळ कारण इजा असल्याने रुग्णालय पोलिसांना कळवते आणि पोलिसांचे पत्र मिळेपर्यंत देह हाती येत नाही.

यावरचा उपाय पैशाचा नाही, सवयीचा आहे. घराजवळच्या एका डॉक्टरांना दर तीन महिन्यांनी घरी बोलावून तपासणी करून घ्यायची आणि प्रत्येक वेळी तारखेसह लेखी चिठ्ठी घ्यायची. 'वेळ आली तर रात्री याल का, दाखला द्याल का, आणि तुम्ही बाहेरगावी असलात तर कोण?' हे त्यांना तोंडावर विचारायचे. डॉक्टर अवघडतात, पण उत्तर देतात. पॅकेजवाल्याने 'डॉक्टरचीही सोय करू' असे सांगितले तर तिथून उठावे. ज्याने रुग्णाला जिवंतपणी पाहिले नाही त्याने दिलेला दाखला पुढे विम्याच्या दाव्यात किंवा वारसांच्या भांडणात सगळ्यांत आधी उकरला जातो.

पेसमेकर बसवलेला असेल तर ते कागदावर ठळक लिहून ठेवा. त्याची बॅटरी उष्णतेने फुटते आणि दाहिनीचे नुकसान होते, म्हणून तो दहनाआधी काढावा लागतो. रुग्णालयातून देह येत असेल तर तिथेच काढून घ्यायला सांगावे. घरी मृत्यू झाला तर कोण काढणार, हे हृदयाच्या डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे.

मुलगा अमेरिकेत असला की बर्फाच्या पेटीचा प्रश्न येतो. पॅकेजात 'फ्रीझर बॉक्स' लिहिलेला असतो, पण किती तासांसाठी ते लिहिलेले नसते. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला माणूस तिकीट मिळून, विमान बदलून घरी पोचेपर्यंत दीड-दोन दिवस सहज जातात. तेवढे तास करारात हवेत, आणि वाढीव प्रत्येक दिवसाचा दरही. पेटी विजेवर चालते. पावसाळ्यात वीज गेली तर सोसायटीच्या जनरेटरवर घरातला प्लग चालतो की फक्त लिफ्ट, हेही पाहून ठेवावे.

मग पैशाकडे यायचे. समजा आज 40,000 रुपये भरले आणि कंपनीने 'भाव कितीही वाढो, जादा घेणार नाही' असे लिहून दिले. खर्च वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला तर 12 वर्षांनी तीच सेवा साधारण 80,500 रुपयांना पडेल. तेच 40,000 बँकेत 7 टक्के चक्रवाढीने ठेवले तर 12 वर्षांत साधारण 90,000 होतात. व्याजावर कर बसत असेल तर थोडे कमी. म्हणजे महागाईपासून बचाव हा जो मुख्य मुद्दा सांगितला जातो त्यात फार दम नाही. शिवाय बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे. अंत्यविधीच्या आगाऊ रकमेला असला काहीही आधार नाही, कारण भारतात या व्यवसायासाठी वेगळा कायदा नाही आणि वेगळा नियामकही नाही. ब्रिटनमध्ये असे प्लॅन कित्येक दशके विकले गेले. मार्च 2022 मध्ये तिथली एक मोठी कंपनी बुडाली, सुमारे 46,000 ग्राहक अडकले, आणि त्याच वर्षी 29 जुलैपासून हा सगळा धंदा तिथल्या वित्तीय नियामकाच्या हाताखाली आला.

आपल्याकडे निदान एक नियम हाताशी आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. कंपन्यांसाठीच्या 2014 च्या ठेव नियमांनुसार, सेवेपोटी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत त्या सेवेपोटी वळती झाली नाही तर ती ठेव समजली जाते, आणि ठेवी घ्यायच्या तर कंपनीवर कितीतरी वेगळी बंधने येतात. आता 70 वर्षांचा ठणठणीत माणूस 365 दिवसांत सेवा वापरेल अशी अपेक्षा कुणी करत नसावे! म्हणून करार हातात आला की रकमेला नाव काय दिले आहे ते आधी बघायचे. 'सभासदत्व शुल्क, परत मिळणार नाही' असे असेल तर आपण सेवा विकत घेतलेली नाही, सेवा मागण्याचा हक्क विकत घेतला आहे. 'आगाऊ रक्कम' असेल तर वर्षानंतर हिशेबात ती कुठे दाखवता, असे लेखी विचारायचे. उत्तर आले नाही तर तेच उत्तर.

करारात आणखी चार गोष्टी शोधायच्या. पैसे परत मागितले तर किती कापणार आणि किती दिवसांत देणार. कंपनी बंद झाली किंवा विकली गेली तर जबाबदारी कुणाची. फोन केल्यापासून किती तासांत माणसे पोचणार, आणि गणपती विसर्जनाच्या रात्री किंवा हिंदमाताला पाणी भरलेले असताना तो आकडा काय होतो. आणि पॅकेज कुठे संपते. बहुतेक पॅकेज अस्थी हातात देऊन संपतात. गॅस किंवा विजेच्या दाहिनीत अस्थी त्याच दिवशी मिळतात. लाकडाच्या चितेला थांबावे लागते आणि सावडायला पुन्हा जावे लागते. त्यापुढचा दहावा, पिंड, क्षौर, अकरावे-बारावे, बाणगंगेला जायचे की नाशिकला, गुरुजींची दक्षिणा, तेराव्याचे जेवण, हे सगळे वेगळे आणि एकत्र केले तर पहिल्या दिवसाहून मोठे. 'सगळे आम्ही बघू' या तोंडी आश्वासनात तेरावा येत नाही.

पैसे चेकने किंवा खात्यातूनच भरायचे, पावती खऱ्या नावाने, आणि करारावर मुलांपैकी एकाची सही साक्षीदार म्हणून. कारण साधे आहे: सेवा मिळाली नाही तर तक्रार करायला पैसे भरणारा उरलेला नसतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मृत ग्राहकाच्या वारसाला तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर जिल्हा आयोगात फी लागत नाही. पण करार घरात कुठे आहे हे वारसाला माहीत असले तर! मुलांना वाईट वाटेल म्हणून गुपचूप पैसे भरायचे आणि पावती कपाटात साड्यांखाली ठेवायची, ही सगळ्यांत नेहमीची चूक. मुले आपल्या पद्धतीने सगळे उरकतात आणि पावती महिन्याभराने कपाट आवरताना सापडते.

मग भरावेत कुणी? आमच्या मते एकट्या राहणाऱ्यांनी, मुले परदेशात असलेल्यांनी, आणि ज्यांच्या इच्छेला घरातून विरोध आहे त्यांनी विचार करावा. तोही पूर्ण रक्कम आधी न देता, थोडे नोंदणी शुल्क आणि उरलेले सेवेच्या दिवशी, या बोलीवर. चार खांदे घरातच असणाऱ्यांनी भरण्यात काही अर्थ नाही. इच्छेबद्दल मात्र एक सांगायला हवे: 'विधी नकोत, विद्युतदाहिनीच हवी' असे कंपनीच्या फॉर्मवर लिहिल्याने मुलगा बांधील होत नाही. मृत्युपत्रात लिहून तर अजिबात उपयोग नाही, ते उघडले जाते तेराव्यानंतर. ज्याच्या हातात निर्णय असणार त्याला समोर बसवून सांगायचे आणि त्याची सही घ्यायची. देहदानाचेही तेच, फॉर्म भरलेला असला तरी त्या घडीला जवळच्या नातेवाइकांची संमती लागतेच.

बाकीच्यांसाठी बँक पुरेशी आहे, फक्त खाते नीट हवे. नवरा-बायकोचे किंवा वडील-मुलीचे संयुक्त खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचे असेल तर दुसऱ्या दिवशीही पैसे काढता येतात. नुसते नामनिर्देशन असेल तर मृत्यूचा दाखला हातात येईपर्यंत थांबावे लागते, आणि त्या दिवशी तर रोख लागते. एफडी संयुक्त असली तरी ती एकाच्या पश्चात मुदतीआधी मोडायची मुभा दोघांनी आधी लेखी दिलेली असावी लागते. हा छोटा फॉर्म बँक स्वतःहून पुढे करत नाही, मागावा लागतो. मुखत्यारपत्र माणसाबरोबर संपते, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये. गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढण्याचा मोह तर टाळाच, भावंडांच्या वादात तो उतारा पहिला बाहेर येतो.

ज्याने खिशातून खर्च केला त्याने पावत्या जपाव्यात. भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 320 नुसार अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून इतर सगळ्या कर्जांच्या आधी फेडायचा असतो. आणि गेलेली व्यक्ती ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, विमाधारक असेल तर अंत्यविधीसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. गिरणी-कारखान्यांतल्या घरांनाही हे कित्येकदा आठवत नाही.

शेवटी एक कागद तयार करायचा, पॅकेज घ्या अगर नका घेऊ. त्यावर आधारवर आहे तसेच्या तसे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, जन्मतारीख, पत्ता. स्मशानात हे फॉर्मवर भरणारा माणूस बहुधा दमलेला पुतण्या असतो. 'सुमती'चे 'सुमिता' झाले की ती चूक मृत्यूच्या दाखल्यात उतरते आणि मग सोसायटीचा शेअर दाखला, एलआयसी, बँक, सगळीकडे अडते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. त्याच कागदावर डॉक्टरांचे दोन नंबर, शववाहिनीचे दोन नंबर, पालिकेचा 1916, सोसायटीच्या लिफ्टची चावी कुणाकडे ते, पेसमेकर आहे की नाही, जवळचे स्मशान कोणते आणि तिथली दाहिनी बंद असेल तर दुसरे कोणते. दाहिन्या दुरुस्तीला बंद पडतात, दुसरे नाव हवेच. कागद कपाटात ठेवू नका, फ्रिजच्या बाजूला चिकटवा.

पॅकेज घेतलेच असेल तर त्या कागदावर आणखी एक ओळ लिहायची: करार मुंबईबाहेर चालतो का. आपल्याकडची म्हातारी माणसे मे महिन्यात आणि गणपतीला गावी असतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई एवढीच हद्द करारात असेल आणि मृत्यू गुहागरला झाला, तर कंपनी काहीही देणे लागत नाही. तिथे लाकूड गावच्या बागेतले, खांदे वाडीतले, आणि 40,000 रुपये अंधेरीच्या ऑफिसात. तेव्हा हद्दीबाहेर मृत्यू झाल्यास रक्कम परत किंवा दुसऱ्या कुटुंबीयाच्या नावे वळती, हे कलम सही करण्याआधी हाताने लिहून घ्यावे आणि त्यावर दोन्ही बाजूंची सही घ्यावी.